दुखणं ऐकणारे मिस्त्रीचाचा

मिस्त्रीचाचांपुढे मोटार उभी केली की आधी माणसांची तोंडं बंद व्हायची. "चूप रव्हा. आधी तिला बोलू द्या," असा दम भरून ते बाभळीची काठी इंजिनाला टेकवत, दुसरं टोक कानाशी धरत आणि डोळे मिटून घेत. एकदा वऱ्हाडाच्या मोटारीतल्या वाजंत्र्यांनाही त्यांनी असंच गप्प केलं होतं. नवरदेव घामाघूम झाला, पण चाचा हलले नाहीत.

मी तेव्हा हिंगोली-वसमत सर्व्हिस मोटार चालवत असे. आमच्याकडच्या माणसांना सवय बैलगाडीची. काही कुरकुरलं की घाल तेल. मोटारीचा पंखा नि पंप फिरवणाऱ्या पट्ट्यालाही प्रवासी खुशाल तेल चोपडायचे. मग चाचांचं डोकं असं फिरायचं की विचारू नका. "तेलानं पट्टा घसरतो! हे काय गाडीचं चाक हाय?" म्हणत ते रॉकेलच्या बोळ्याने पट्टा पुसायचे. हात चालायचा आणि तोंडही.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकारांची दहशत वाढली. कुरुंद्याहून माझे मामा मुलंबाळं घेऊन माझ्याकडे आले. त्यांना आणि माझ्या बाळंतीण बायकोला पैनगंगेपलीकडे, निजामाच्या हद्दीबाहेर वऱ्हाडात पोचवायचं ठरलं. निघायच्या सकाळीच इंजिन किंचाळू लागलं. मामांनी घाईघाईने पट्ट्यावर करडीचं तेल ओतलं. आवाज थांबला नाहीच, वर पट्टा घसरून रेडिएटरचं पाणी उकळायला लागलं.

चाचांना बोलावलं. त्या दिवशी ते कुणालाच रागावले नाहीत, याचीच मला जास्त भीती वाटली. पट्टा काढून त्यांनी इंजिन सुरू करायला लावलं. आवाज बंद. म्हणजे दोष इंजिनात नव्हता, पट्ट्यावर फिरणाऱ्या कप्प्यांत होता. डायनामोची कप्पी हाताने फिरवली. ती गुमान फिरली. पाण्याच्या पंपाची मात्र खरखरली, डुगडुगली.

"पंपाचा आस ज्यात फिरतो तो बुश खलास हाय. अडकला की भर रस्त्यात बसाल."

"मग आता?"

चाचांनी मोटारीतल्या लेकरांकडे पाहिलं. "आत ग्रीस भरतो, पट्टा जरा ढिला करतो. पण वाटंत ऐकत जावं लागंल. मी येतो."

"तुमी काहून तकलीफ घेता, चाचा?"

"तुला ऐकू येतं काय?"

ते मडगार्डवर बसून आले. त्यांनी हात वर केला की मी मोटार थांबवायची, त्यांनी पंपाला ग्रीस द्यायचं, की पुन्हा पुढं. आत कुणी चकार शब्द काढत नव्हतं. असे आम्ही नदीपाशी पोचलो.

"चाचा, तुमी बी इकडंच चला," मी हातापाया पडलो.

"घरी बुढी एकली हाय," म्हणून ते उन्हात माघारी चालू लागले. मला त्यांना अडवता आलं नाही.

पोलीस ॲक्शननंतर आम्ही परतलो तेव्हा त्यांचं छप्पर जळालेलं होतं. निजामाचं राज्य गेल्यावर जमाव रझाकारांचा सूड दिसेल त्या मुसलमानावर उगवायला निघाला होता. त्या जमावाने चाचांना घरातून ओढून काढून मारलं. मारणारे आमचेच लोक होते.

मी मामांपुढे बसून ओक्साबोक्शी रडलो. मामा सुपारी कातरत होते.

"रडून काय करतो? त्यांच्यातलाच व्हता की त्यो," ते म्हणाले.

नदीपलीकडे सुखरूप पोचलेलं त्यांचं धाकटं लेकरू तेव्हा त्यांच्या मांडीवर झोपलं होतं.