बारा सप्टेंबरचा फोन

न्यूयॉर्कला अकरा सप्टेंबरची संध्याकाळ असते तेव्हा इथे ऑस्ट्रेलियात, आमच्या वेरिबीत, बाराची सकाळ झालेली असते. त्या सकाळी बायकोचा फोन वाजतो आणि माझं डोकं फिरतं. दरवर्षी. त्या दिवशी मी मुद्दाम घरून काम करतो, हेही कबूल करून टाकतो.

फोन तिच्या न्यूयॉर्कमधल्या जुन्या सहकाऱ्याचा, एका नागपूरकराचा. ते जुळे मनोरे कोसळले तेव्हा दोघं तिथून जवळच नोकरीला होते. धुळीने पांढरे होऊन दोघं बरोबर पूल चालून गेले. त्याने रुमाल भिजवून तिच्या तोंडाला बांधला. तो रुमाल काही माझ्या डोक्यातून जात नाही. फोन घेऊन ती बॅकयार्डमध्ये जाते, काचेचं दार ओढून घेते, तासभर बोलते. रडते, मध्येच हसतेही. इतकी माणसं गेली त्या दिवसाचा मला हेवा वाटतो याची लाज वाटते, पण वाटतो. माझ्याबरोबर ती कधी जीव मुठीत धरून चाललेली नाही.

आमचा तेव्हा नुकताच साखरपुडा झाला होता आणि मी पुण्यात होतो. "त्या दिवसांत माझ्या आईबाबांकडे साधा फिरकलाही नाहीस," हे मी लग्नापासून ऐकत आलोय.

यंदा फोन वाजला तेव्हा ती केसांना मेंदी लावत होती. "उचल ना. सांग, दहा मिनिटांत करते."

निरोप देऊन ठेवणार, तर तो म्हणाला, "तुम्ही कुठे होता हो त्या दिवशी?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी सांगत सुटलो. तिचा फोन लागेना म्हणून तिच्या आईबाबांच्या घरी गेलो होतो. सलग तीन दिवस. जिन्यातच बसून राहिलो, बेल दाबली नाही. होणारा जावई आला म्हणून तिच्या आईने तशातही उठून चहा टाकला असता, आणि तो मला प्यावा लागला असता. तिसऱ्या दिवशी वरून तिच्या बाबांचा फोनवर ओरडल्याचा आवाज आला, "अगं, कुठून बोलतेस?" तसाच उतरलो आणि रस्त्यात उभा राहून रडलो.

मागे वळलो तर ती दारात उभी होती. मेंदीचा ओघळ कपाळावर आला होता, तो पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

"हे त्याला सांगितलंस?" ती म्हणाली. "मला नाही, त्याला?"

तिने तशाच बरबटलेल्या हाताने फोन घेतला, "नंतर बोलू" म्हणाली आणि कट केला. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली.

"आता मला सांग. पहिल्यापासून."