साहेबांनी वळवलेली पायवाट

यशवंत तळभंडारे साहेबांना मी पहिल्यांदा पाहिले ते आमच्याच शेतात, हातात चुन्याच्या फक्कीचा डबा घेऊन उभे असताना. तेव्हा ते शेत आमचे राहिले नव्हते. माझे यजमान गेल्यावर कसणारे कोणी उरले नाही, म्हणून दिरांनी आणि मी ते साहेबांच्या समितीला विकले. समिती तिथे नांगर बंद करून गवत वाढवणार, काळवीट-पाखरांना जागा देणार आणि लोकांना फिरायला पायवाटा करणार, असे आम्हाला सांगितले होते. मी पोस्टात नोकरी केली आहे. सांगितलेले आणि लिहिलेले यातला फरक मला कळतो. त्यात साहेब निवृत्त मोजणीदार. मोजणीदाराने रानात फक्की टाकली की पुढे काय होते, हे जुळे सोलापुरात राहणाऱ्या मला कोणी सांगायला नको. आमची कॉलनीही कोणाच्या तरी ज्वारीवरच उभी आहे.

माझी भीती वेगळी होती. आमच्यात दहन करत नाहीत. आपल्याच रानात माती देतात. यजमान त्या शेताच्या दक्षिण कोपऱ्यात आहेत. वर चौथरा बांधू नका, असे त्यांनीच सांगून ठेवले होते, म्हणून तिथे फक्त दगडांचा लहानसा ढीग आहे. “वैनी, त्या कोपऱ्याला कोन हात लावतंय?” असे दीर म्हणाले, पण खरेदीखतात त्याबद्दल एक शब्द नव्हता. सही करताना मीही बोलले नाही, ही माझी चूक.

दर सोमवारी मी तिथे जाते. त्या दिवशी फक्कीची रेघ सरळ त्या ढिगावरून गेली होती आणि रेघेवर लाल झेंड्या रोवल्या होत्या. साहेब पलीकडे गेल्यावर मी चार झेंड्या उपटल्या आणि घरी आले. पुढच्या सोमवारी झेंड्या परत जागेवर. मी परत उपटल्या. तिसऱ्या सोमवारी साहेब ढिगाशेजारीच भाकरी खात बसले होते.

“झेंड्या तुमी काढता व्हय अक्का? मी समजलो काळवीट खातंय.”

मला हसू आले नाही. “प्लॉट पाडणार असाल तर आत्ताच सांगा,” मी म्हणाले.

“जल्मभर तेच केलं की. आता न्हाय.” मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. “हितं काय हाय?”

“हितं आमचे हे आहेत.”

साहेबांनी भाकरी बाजूला ठेवली, चपला काढल्या आणि उठून हात जोडले. “रानातलं वेचून टाकलेलं दगड समजलो मी,” एवढेच म्हणाले. मग खाली बसून ढिगावरची रेघ त्यांनी हाताने पुसली. फिरायला येणारे विचारतात, की दक्षिणेला पायवाटेने विनाकारण वळसा का घेतला आहे. कारण हे आहे.

तरी मी शांत झाले नाही. नवा नकाशा वकिलांना दाखवला. त्यांना त्यात काही वावगे दिसले नाही, म्हणून माझा संशय आणखी वाढला. “नकाशा बदलता येतो,” मी साहेबांना म्हणाले.

“येतो की. शेताचे प्लॉट झाले ते नकाशे बदलूनच. मीच बदललेत.”

आपल्या नोकरीबद्दल इतके उघड बोलणारा माणूस मी पाहिला नव्हता. शेजारचे शेतकरी त्यांना ऐकू जाईल असे म्हणत, “म्हातारं गवताला पाणी घालतंय! आज गवत, उद्या गाळे.” साहेब रागावत नसत. लोक आपल्या मागच्या कामावरून बोलतात, त्यांचे चुकत नाही, असे ते मला म्हणाले. टिटवीने वाटेकडेला अंडी घातली, तेव्हा पिल्ले निघेपर्यंत त्यांनी ती वाट बंद ठेवली. मोठे पाहुणे आले, त्यांनाही लांबून नेले. पाहुणे नाराज झाले. साहेबांनी त्यांना चहा पाजला, पण वाट उघडली नाही.

सोमवारी परतताना ते मला स्कूटरवरून एसटीच्या थांब्यापर्यंत सोडत. वाटेत एक शब्द नाही. यजमान गेल्यानंतर मला ‘कशा आहात’ असे न विचारणारे ते एकटेच होते. त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही.

आता समितीतले काही जण फाटकाजवळ गाड्या लावायला जागा वाढवायची म्हणतात. कोणत्या बाजूने वाढवणार, हे मला कोणी सांगितलेले नाही. फाटक दक्षिणेलाच आहे. हे वाक्य समिती काढत असलेल्या साहेबांच्या या गौरवग्रंथात ठेवले जाईल का, याचीही मला शंका आहे.

मी साहेबांना विचारले, तर ते म्हणाले, “तुमीच समितीवर या अक्का.”

“माझा समितीवर विश्वास नाही.”

“मग तर याच. विश्वासवाले लई झाले.”

मी समितीवर आले. जागेचा निर्णय अजून व्हायचा आहे. तोवर साहेब मला नकाशा वाचायला शिकवत आहेत. बांधाची आणि ओढ्याची खूण आता ओळखता येते. अंतर मोजताना अजून चुकते. त्यांच्या माघारी तिथे कोणी नवी रेघ ओढली, तर ती मला दिसली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे आहे.

साहेबांनी पंच्याहत्तरी गाठली. पुढेही त्यांचे पाय धड राहोत, नजर शाबूत राहो. मला नकाशा नीट वाचता येईपर्यंत तरी त्यांनी त्या माळावर रोज चालावे; आणि मी मुद्दाम सावकाश शिकणार आहे.