शिवबाईचा फवारा

शिवबाई लग्न होऊन जेऊरहून सोलापूरला आली, त्याच आठवड्यात तिनं दाराआडून सासूसासऱ्यांचं भांडण ऐकलं. भांडण पाण्याचं. नळाच्या नव्हे, इस्त्रीच्या. घर परिटाचं, आणि सासरा कपड्यावर पाणी मारायचा ते तोंडानं. गालात पाणी धरून, ओठ दाबून असा फवारा सोडायचा की कपडा ओला म्हणवत नसे आणि कोरडाही म्हणवत नसे.

सासू बजाबाई म्हणत होती, "पोरीला ते शिकवू नगासा. बाईमाणूस रस्त्यावर गाल फुगवून उभं ऱ्हाणार, लोकं काय म्हणतील?"

"लोकं कडक कॉलर मागत्यात. हातानं शिंपडलं की थेंबाचं डाग पडत्यात, ठाव न्हाय व्हय तुला?"

"तुमचं उष्टं पाणी अंगावर घालून गाव फिरतंया, तेवढं ठाव हाय!"

यावर सासऱ्यानं हातातली इस्त्री फेकली. पितळेची, निखाऱ्यानं भरलेली. बजाबाईच्या पायाचं हाड मोडलं आणि वरून कातडं भाजलं. भांडण अर्थातच सासरा जिंकला. सुनेला फवारा शिकवायचं ठरलं, आणि शिकवणारी कोण, तर पायाला फडकं बांधून बसलेली बजाबाईच. "पोट आत घे. ओठ सैल सोडू नगंस. सासऱ्याच्या तोंडावर मारतीयास असं समज की, आपसूक जमंल."

जमलं. सात रस्ता चौकाच्या मागच्या गल्लीत, गुलमोहराखाली शिवबाईचा गाडा उभा राहायला लागला. सासूसासरे गेले, केस पिकले, पण फवारा तसाच. शाळेला निघालेली पोरं थांबून म्हणायची, "शिवाकाकू, एकदा उन्हात मारा की!" उन्हात मारला की बारीक इंद्रधनुष्य दिसायचं. शिवबाईला त्याची घमेंड होती, ती कशाला लपवायची?

मग कोरोना आला. तिचा नवरा सिद्धाराम घरात अडकला आणि टीव्हीला चिकटला. टीव्हीवरचा कोटवाला माणूस असा ओरडायचा, जणू रोग त्याच्या टेबलाखालीच दबा धरून बसलाय. अमक्या गावात हा थुंकला, तमक्या गावात त्यानं फळाला थुंकी लावली. तेच चित्र दिवसभर, पुन्हा पुन्हा. चित्र एकच, पण बघणाऱ्याला वाटायचं, देशभर माणसं दुसरं काही करतच नाहीत. रोग कसा होतो हे सिद्धारामला कुणी विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, मुद्दाम कुणीतरी करतंय.

शिवबाईही तेच बघत होती. गल्लीत केळीवाला आला, त्यानं कपाळाचा घाम पुसला आणि तोच हात केळ्यांना लावला. शिवबाईनंच पहिली आरोळी ठोकली, बायका धावल्या, त्याची पाटी उलटी केली. पळणाऱ्या माणसाच्या पाठीत तिनं दगडही घातला. बरोबर लागला.

बंदी थोडी उठली आणि गाडा पुन्हा गुलमोहराखाली आला. नर्सबाई उत्कर्षाचे कपडे आधी घेतले. शिवबाईनं मास्क हनुवटीला ओढला, गाल भरले आणि फवारा मारला. वरच्या गच्चीतून कुणीतरी मोबाइल धरला होता.

दुसऱ्या दिवशी सिद्धाराम घरातून ओरडला, "अगं ए, पळ! तू टीव्हीवर हायस!"

शिवबाई पदर सारखा करत आत आली. खरंच ती होती. चेहऱ्याभोवती लाल गोल. फवारा सावकाश, फार सावकाश उडत होता आणि खाली लिहिलेलं सिद्धाराम मोठ्यानं वाचायला लागला, "कपड्यांवर थुंकणारी..."

"पाणी हाय की ते," शिवबाई टीव्हीला म्हणाली.

टीव्ही कुणाचं ऐकतो?

ती गाड्याकडं परतेपर्यंत माणसं जमली होती. पुढं बिरुदेव, मोबाइलच्या दुकानाचा. त्याच्या लग्नाचा सदरा शिवबाईनंच कडक करून दिला होता.

"म्हातारे, किती घरं मारणार हायस?"

"बिरू, इकडं ये, तोंडाचा वास घेऊन बघ. साधं पाणी..."

क्रिकेटचा स्टंप तिच्या जबड्यावर बसला. पुढचे दात रस्त्यावर पडले. कुणी केस धरले, कुणी कंबरेत लाथ घातली. तिला हात लागू नये म्हणून बाकीची माणसं काठीनं मारत होती आणि एक बाई लांबून ओरडत होती, "रक्त अंगावर उडू देऊ नगा रे!" गाडा उलटला. निखारे कपड्यांवर सांडले, नर्सबाईच्या पांढऱ्या कपड्यांनी पेट घेतला. शिवबाईच्या हाताला इस्त्री लागली आणि सासऱ्यानं फेकली नव्हती इतक्या जोरानं तिनं ती फेकली. बिरुदेवच्या दंडावर ती अशी बसली की मांस चरचरलं. तो गुरासारखा ओरडला.

संध्याकाळी टीव्हीवर तेवढंच दिसलं. म्हातारी इस्त्री फेकते, जवान माणूस ओरडतो. स्टंप नाही, दात नाहीत, लाथा नाहीत. लाल गोल मात्र होता.

दवाखान्यात तिच्या जबड्याला तारा घातल्या. तपासणीत कोरोना निघाला नाही. ती बातमी कुठं लागली नाही. उलट एक माइकवाला घरी आला आणि म्हणाला, "आजी, तुमची बाजू मांडू आपण. एकदा तो फवारा करून दाखवा ना."

शिवबाईचं तोंड तर तारांनी बांधलेलं. सिद्धारामनं जन्मात कुणावर हात उगारला नव्हता. त्यानं कपडे बडवायचं धोपाटणं उचललं. माइकवाला पळाला, म्हणून मग सिद्धारामनं टीव्ही फोडला. काच सगळ्या घरात झाली. दोन दिवस छाती काढून हिंडला, तिसऱ्या दिवशी शेजारच्या खिडकीशी उभं राहून बातम्या बघायला लागला.

जबडा सांधला तेव्हा तो म्हणाला, "गाडा इकू. जेऊरला जाऊ."

"आन हितं कोण ऱ्हाईल?"

"कुणी न्हाय ऱ्हायलं तर काय झालं?"

"टीव्हीतली बाई ऱ्हाईल की," शिवबाई म्हणाली. आता तिचं बोलणं फसफसायचं. "मी दारात दिसलेच न्हाय, तर पोरंबाळं तिलाच वळखतील."

म्हणून ती रोज प्रत्येक दारात जायला लागली, कपडे देणाऱ्यांच्या आणि न देणाऱ्यांच्याही. दात नसल्यानं फवारा गेलाच होता. पाणी ओठातून हनुवटीवर सांडायचं. तिनं पिचकारीची बाटली घेतली. बायका म्हणाल्या, "आता कसं स्वच्छ काम!" म्हणजे मारून शहाणी केली, असाच त्यांचा हिशेब. शिवबाईनं तेही ऐकून घेतलं.

आधी उत्कर्षाचं दार उघडलं. तिनं जळलेल्या कपड्यांचं नावही काढलं नाही. मग एकेक करत पुष्कळ उघडली. बिरुदेवचं नाही. त्याचे कपडे लाँड्रीतल्या मशीनवर जायचे. तरी शिवबाई त्या दाराशी रोज थांबून कपडे विचारायची. पहिल्यांदा त्यानं आतून शिव्या घातल्या, एकदा अंगावर गरम चहा फेकला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर. पुढं त्याच्या शिव्या आटल्या आणि नुसतं उत्तर उरलं.

गेल्या पौषात शिवबाई झोपेतच गेली. त्याच्या आदल्या सकाळी ती नेहमीसारखी गल्लीत निघाली होती. उत्कर्षाची घडी दिली, गल्लीतल्या आरोहीचा शाळेचा गणवेश दिला, मळके कपडे गाठोड्यात बांधले. बिरुदेवच्या दाराशी आली. आत बातम्या चालू होत्या.

"बिरू, कपडं हायत का रं?"

"न्हायत, काकू."

"बरं. उद्या येते," ती म्हणाली, गाठोडं दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि पुढच्या दाराकडं वळली.