फोनवरचा बाजार

घणसोली गावातल्या बाजारात साठीचे एक गृहस्थ मला रोज संध्याकाळी दिसत. ते स्वतः भाजी निवडत नसत. ढिगावर मोबाइल धरत आणि व्हिडिओ कॉलवरून त्यांची बायको निवडे. "ती नको, खालची जुडी दाखवा," असा आवाज येई. भावावरून भाजीवाल्या मावशीशी हुज्जतही तीच घाली.

एकदा त्यांनी फोन लावायच्या आधी मी विचारलंच.

"लकव्यानं तिची एक बाजू गेली, तीन वर्षं झाली," ते म्हणाले. "चौथ्या माळ्यावर खोली, लिफ्ट नाय. दवाखान्यात न्यायचं तर चार मानसं उचलायला येतात. बाजार बघायला न्यायचंय, असं कुनाला सांगू?"

मग त्यांनी फोन लावला. मेथी घेऊन झाली आणि ते फोन ठेवणार, एवढ्यात ती म्हणाली, "अवो, बंद नका करू. जरा रस्ता दाखवा ना."

त्यांनी फोन रस्त्याकडे धरला. मीही वळून पाहिलं. रिक्षा होत्या, क्लासहून येणाऱ्या मुली होत्या, रसाच्या गाडीपाशी चार माणसं उभी होती. हात दुखला तसा त्यांनी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"अजून थोडं," ती म्हणाली.