रेवाचा गळा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला सांगतेय, कारण माझं मलाच ऐकून कंटाळा आलाय — किती वर्षं तेच ते मनात घोळवायचं?

कतारमध्ये फुटबॉल वर्ल्ड कपची तयारी चालली होती तेव्हाची गोष्ट. सगळं दोहा खणून ठेवलेलं. काल होता तो रस्ता आज नाही. मदिनत खलीफा भागातल्या आमच्या घरी मी शुक्रवारी मराठी मुलांना गाणं शिकवायचे, आणि निम्मी मुलं डायव्हर्जनमध्ये अडकून उशिरा यायची. त्यात आमच्या मराठी मंडळाने एका परदेशी ऑपेरा संस्थेशी हातमिळवणी केली — मुलांना ऑपेरा शिकवायचा, शेवटी छोटासा प्रयोग करायचा. आणि दोघांच्या मधे धावपळ करायला कोण? मी! काय त्या मीटिंगा, कप्पाळ! बॅनरवर कुणाचा लोगो आधी, यावर तीन मीटिंगा. आम्हाला समई लावायची, तर हॉलवाले म्हणतात आग चालणार नाही. त्यांच्या मेलला आमचे अध्यक्ष 'इन्शाल्ला' एवढंच लिहिणार आणि विसरून जाणार. मुलांच्या गाण्याबद्दल बोलायला कुणी तयारच नाही.

बघा, पुन्हा मीटिंगांवर घसरले. मीटिंगांनी काही केलं नाही हो. केलं ते मी.

रेवा माझ्याकडे चार वर्षं शिकत होती. दहा वर्षांची, नाशिकच्या एका इंजिनिअरची मुलगी. आवाज असा, की शेजारीण दार वाजवून विचारायची, कोण गातंय? आणि मी काय करायचे? हळू, रेवा, ओरडू नकोस. चार वर्षं हेच. मग ऑपेराच्या बाई आल्या. पहिल्याच तासाला त्यांनी तिला ताठ उभं केलं, पोटातून श्वास घ्यायला लावला आणि म्हणाल्या, अजून मोठ्याने. पोरीने तोंड उघडलं — अख्खा हॉल भरला. माइक नव्हता! एकटीने म्हणायचं गाणं तिलाच मिळालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. आणि आतून नुसती जळत होते. चार वर्षं मी जे दाबून ठेवलं, ते या बाईने एका तासात मोकळं केलं. मत्सर — दुसरं काय म्हणणार?

त्याच आठवड्यात रेवाच्या आईचा फोन आला. तिने सहज विचारलं — ताई, एवढ्या मोठ्याने गाऊन गळ्याला काही होणार नाही ना? तुम्ही म्हणाल तसं करू.

मी म्हणाले, होईल. तिचा गळा मुळात नाजूक आहे, असंच गात राहिली तर आवाज कायमचा फाटेल. इतकं शांतपणे म्हणाले, की तिने वर माझे आभार मानले.

खोटं होतं ते. चुकून नाही, माहीत असून. कारण घरी दार लावून मी स्वतः बाईंचे ते श्वासाचे धडे करत होते. माझा वरचा सा इतक्या वर्षांत पहिल्यांदा न कापता लागत होता. गळ्याला काही होत नाही, हे माझ्याइतकं कुणाला कळलं होतं?

आईने रेवाचं नाव प्रयोगातून काढून घेतलं. बाईंनी मला कारण विचारलं, मी 'फॅमिली डिसिजन' म्हणून मोकळी झाले. प्रयोगाला ती आईशेजारी बसली होती. गाणं दुसऱ्याच मुलीने म्हटलं, आणि इकडे रेवाचे ओठ हलत होते, शब्दन्‌शब्द. नंतर माझ्या क्लासलाही ती पुटपुटल्यासारखी गायची. वर्षभरात यायचीच थांबली.

आता ती कॉलेजात आहे. गेल्या गणपतीत मंडळाच्या आरतीला कुणीतरी तिला म्हणालं, अगं, जरा आवाज लाव की. ती हसली. "सॉरी काका, माय थ्रोट इज डेलिकेट. लहानपणापासून."

मी तिच्या शेजारीच उभी होते. हातात झांजा होत्या. वाजवत राहिले.