लेकीच्या घरचा कोट

माझ्या वडिलांना, म्हणजे नानांना, एखादी गोष्ट समजावून सांगण्यापेक्षा चौथीच्या वर्गाला भागाकार शिकवणं सोपं. मी दोन्ही केलंय, म्हणून सांगते.

ऐंशीच्या दशकाची अखेर असेल. मी जळगावात प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि नाना अमळनेरजवळच्या आमच्या गावी कापूस-गहू करत होते. खानदेशचं ऊन सगळ्यांना ठाऊक असतं, थंडीचं कुणी नावही घेत नाही. पहाटे गव्हाला पाणी भरायला जो बांधावर उभा राहतो, त्याला विचारावं. नानांना खोकल्याचं जुनं दुखणं. त्यातून आदल्या वर्षी न्यूमोनिया होऊन गेलेला. डॉक्टरांनी बजावलं होतं, छाती जपा, पुन्हा झाला तर निभणं कठीण आहे. आणि छाती जपायला नानांकडे काय, तर त्यांच्या सासऱ्यांनी दिवाळसणाला दिलेला काळा लोकरीचा कोट.

तो कोट माझ्याहून वयाने मोठा होता. कोपरं गेलेली, अस्तर खाली लोंबणारं, चार गुंड्या चार घरच्या, आणि गळ्याशी सेफ्टी पिन. वारा पुढून शिरायचा आणि पाठीतून निघून जायचा. नवा घ्या म्हटलं की नाना म्हणायचे, औंदा कापसाला भाव आला की घेऊ. असे किती औंदा गेले.

शेवटी गुंडी लावून देते या निमित्ताने मी त्या कोटाचं सुतळीने माप घेतलं आणि जळगावातून तसाच काळा, बंद गळ्याचा, जाड अस्तराचा नवा कोट आणला. भाऊबीजेला माहेरी गेले तेव्हा मोठ्या हौसेने नानांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी कापड चिमटीत धरून पाहिलं. "चांगला शे," म्हणाले. मग नीट घडी घातली, पिशवीत भरला आणि पिशवी माझ्याच हातात दिली.

"जवाईले दे."

"काब्रं?" का म्हणून, मी विचारलं.

"आंडेरना घरनं अंगवर कसं घालू, माय?"

झालं! आंडेर म्हणजे लेक. लेकीला द्यायचं, लेकीकडून घ्यायचं नाही. मला मूल होईपर्यंत नाना माझ्या घरचं पाणीही प्यायले नव्हते. पुढे चहापर्यंत मजल गेली, पण निघताना नातवाच्या हातावर नोट ठेवल्याशिवाय त्यांना तो चहा पचत नसे. म्हणजे सासऱ्याने दिलेला कोट जन्मभर अंगावर चालतो आणि पोटच्या लेकीने दिला की विटाळतो! हे मी त्यांना तोंडावर म्हटलं. ते खोकले, हसले, परत खोकले. "इटाळत नही व. पन लोके काय म्हनतीन?"

लोकांची छाती नव्हे, तुमची छाती आहे, असं म्हणून मी पाय आपटत परत आले. नवऱ्याने कोट घालून पाहिला. तो अंगाने काडी. "यात मी दोनदा मावेन," म्हणाला आणि खुंटीला लावून मोकळा झाला. पुढे महिनाभर ती खुंटी मला वाकुल्या दाखवत होती. गावाकडून कुणी आलं की मी आधी विचारायची, नानांचा खोकला कसा आहे? उत्तर एकच, "चालू शे."

सुरतेला गिरणीत नोकरीला असलेला माझा धाकटा भाऊ एका लग्नासाठी आला, तेव्हा मी हात टेकले. कोट त्याच्यापुढे टाकला आणि म्हटलं, तू दे, तूच आणला म्हणून सांग. या महाशयांनी कोट उलटसुलट केला आणि विचारलं, "काळाच का घेतलास? तपकिरी बरा दिसला असता." मी त्याला पिशवीसकट घराबाहेर काढलं.

संक्रांतीला गावी गेले. नाना पारावर बसलेले, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला कोट अंगात. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आवाजसुद्धा मोकळा झाला होता. पण पुढचं ऐका. शेजारच्या अक्काने मला हाताला धरून थांबवलं. "दखं का, तुन्हा भाऊनी सुरतथीन कोट लयेल शे! पोऱ्या ऱ्हावा तं असा. पोरी काय, परका घरनं धन!" आयत्या बिळावर नागोबा सुरतेत खुशाल बसलेला, आणि मी इथे तिळगूळ चघळत मान डोलावते आहे. दोन दिवस हेच. ज्याच्या दारात जावं तिथे माझ्या भावाची आरती. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

परतताना नाना फाट्यावर एसटीपर्यंत सोडायला आले. तिथे दुसरं कुणी नव्हतं. मला राहवलं नाही. म्हटलं, "नाना, सुरतले इतला भारी कोट भेटस का?"

नाना रस्त्याकडे बघत राहिले.

"सुरतमा कोठे थंडी पडस, लोकरना कोट इकाले?" ते म्हणाले. "पन मी कोनले इचारं नही. इचारं तं कोट काढना पडी."

माझा संताप इतका अनावर झाला की डोळ्यांत पाणी आलं. सगळं माहीत असून हा माणूस दोन दिवस गावभर लेकाचं कौतुक ऐकून घेत होता आणि मलाही ऐकवत होता! मी तोंड उघडणार, तेवढ्यात पलीकडच्या गावचे एक ओळखीचे आबा फाट्यावर आले. त्यांनाही तीच एसटी धरायची होती. त्यांनी नानांच्या बाहीवरून हात फिरवला.

"नाना, कोट नवा दिखस. कोनी लया?"

इतका वेळ रस्त्याकडे बघणारा माणूस आता माझ्याकडे बघत होता. गार वारा सुटला होता आणि त्यांचा एक हात गळ्याजवळच्या गुंडीवर होता.

"मन्हा भाऊनी," मी म्हटलं. "सुरतथीन लयेल शे."