आमच्या घराची खाच

माझा चिडका स्वभाव गावाला पाठ आहे. वाशीमच्या एका कचेरीत मी कारकुनी करतो. रोज मोटरसायकलनं जातो-येतो, आणि संध्याकाळी घरी शिरण्याआधी शिरपूरच्या रस्त्याला लागून असलेल्या बारवेत डोकावतो. ही आमची पायऱ्यांची जुनी दगडी विहीर. आज तिथं कोणी काय करून ठेवलं ते बघायचं आणि जेवण होईपर्यंत धुसफुसत राहायचं, हा कित्येक वर्षांचा नेम. बायको म्हणते, "रोज कायले पाहाले जाता तिथं? जेवनाची चव जाते तुमची."

बघायला काहीतरी असतंच. कोनाड्यात फुटक्या तसबिरी, पाण्यात पिशवीसकट फेकलेलं निर्माल्य, पायऱ्यांवर खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या. आणि भिंतीवर नावं. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं सकाळी याच रस्त्यानं धावतात आणि दम खायला बारवेत बसतात. त्यांनी ऑइल पेंटनं हातभर अक्षरांत आपापली नावं काढली होती, मधोमध बाण घुसलेला बदाम. उद्या हेच गडी कायदा सांभाळायला उभे राहणार, या विचारानं माझं डोकं आणखीच फिरायचं. किती वेळा बोललो. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

मग ग्रामसभेत विषय निघाला की बारव मुरमानं बुजवून टाकावी आणि वर सभामंडप बांधावा. पाणी वापरात नाही, घाण साचते, लेकरू पडलं तर जबाबदार कोण? घाण करणारेच घाणीचं कारण सांगत होते. मी उठून नको नको ते बोललो. शेवटी ठरलं की बारव खरंच जुनी असल्याचा पुरावा मी दोन महिन्यांत आणावा, नाहीतर मुरमाचे टिप्पर येतील.

पुरावा होता, म्हणून मी निर्धास्त होतो. बारवेच्या तोंडाशी एक लांब काळी शिळा आडवी पडलेली आहे आणि तिच्यावर सात ओळी कोरलेल्या आहेत. लहानपणापासून मी त्या अक्षरांवरून बोट फिरवलंय. वाचता कोणालाच येत नव्हतं. जुने लेख वाचणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापकांना मी चार-पाच वेळा फोन केले, तेव्हा ते यायला तयार झाले.

ते येण्याआधी नावं घालवायची म्हणून तीन रविवार मी एकटा नायलॉनचा ब्रश घेऊन भिंत घासत बसलो. तिसऱ्या रविवारी भरतीवाली पोरं वरच्या पायरीवर येऊन बसली. मी तोंड सोडलं. लाज नाही, शरम नाही, बापाचा माल समजता काय, सगळं काढलं. त्यांच्यातला एक उंच पोरगा शांतपणे बूट बांधत होता. तो म्हणाला, "काहून चिडता काका? तुमच्या घरच्यायनं पिढ्यान्‌पिढ्या थ्या गोट्यावर इळे घासले, थे चालते. आमी नाव लिवलं त लगेच इतिहास आठोला तुमाले?"

मी म्हटलं, ते वेगळं. आणि मला ते खरोखरच वेगळं वाटत होतं.

आमच्या वस्तीतली चार घरं भाजीपाल्याची. पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, मेथी, वांगी, सगळं वाशीमच्या बाजारात जातं. हंगामातला पहिला पालक कापण्याआधी विळा त्या शिळेवर परजायचा, ही आमची रीत. घासून घासून पडलेली प्रत्येक घराची खाच ठरलेली. आमची डावीकडून दुसरी. दुसऱ्याच्या खाचेत विळा घातला तर भांडणं व्हायची. नवी सून आली की तिच्या हातून खाचेला हळदकुंकू वाहायचं आणि मग तिच्या हाती विळा द्यायचा. माझ्या बायकोनंही वाहिलंय. मी पाचवीत असताना बाबांनी माझा हात धरून तिथं विळा कसा फिरवायचा ते शिकवलं होतं. त्याला नासधूस कोण म्हणेल? ती तर पूजा होती.

प्राध्यापक सकाळी एसटीनं आले. त्यांनी शिळा पाण्यानं धुतली, ओला कागद तिच्यावर बसवला, ब्रशनं हळूहळू ठोकला आणि वरून शाईची पुरचुंडी टिपत गेले. काळ्या कागदावर पांढरी अक्षरं उमटायला लागली. सगळं गाव जमलं होतं, भरतीची पोरंही. माझी छाती फुगली होती. प्राध्यापक एकेक शब्द लावत होते. गावाचं नाव निघालं, आजच्यापेक्षा जरा वेगळं. वाटसरूंच्या आणि गुरांच्या पाण्यासाठी ही विहीर बांधली, असं निघालं. मग ते थांबले.

"इथं बांधणाऱ्याचं नाव होतं," ते म्हणाले. "पुढं 'याने' दिसतंय. पण नावावरच खोल घासलंय. वर्षाचे आकडेही त्यातच गेलेत." त्यांनी खाचेत अंगठा घातला. अंगठा पूर्ण बसला. "हे कशानं झालं?"

 मी मनात डावीकडून मोजलं, पुन्हा मोजलं. उंच पोरगा माझ्याकडे बघत होता. तो हसला असता तर बरं झालं असतं, मला त्याच्यावर ओरडता तरी आलं असतं. तो हसला नाही.

"इळ्यानं," मी म्हणालो. "आमच्या घरच्या."

प्राध्यापकांनी वहीत लिहिलं, कर्त्याचे नाव व शक नष्ट. एवढ्यावर बारव वाचेल का, असं मी विचारलं. "अर्ज करून बघू, पण नाव असतं तर जोर आला असता," असं म्हणून त्यांनी कागदाची गुंडाळी केली. लोक पांगले. भिंतीवर त्या पोरांची नावं मी एवढं घासूनही फिकट का होईना, दिसत होती. सहज वाचता येत होती.

घरी बाबा ओट्यावर पालकाच्या जुड्या बांधत होते. ऐंशी उलटली, तरी जुड्या तेच बांधतात. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हणतील की गोट्याचं काय एवढं घेऊन बसला. पण त्यांनी हातातली जुडी पूर्ण बांधली, खाली ठेवली.

"अन काय नाव होतं रे त्याचं?" त्यांनी विचारलं.

"तेच त गेलं, बाबा."

त्यांनी पुन्हा विचारलं, जणू मी लपवतोय.